सायटिका: सहा आठवडे थांबायचं की सरळ ऑपरेशन?

खिडकीजवळचा

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचायला येतो, आज लिहायची वेळ आली. उभ्याने लिहितोय, कारण बसवत नाही.

वय ४३, काम दिवसभर खुर्चीतलं. पाच आठवड्यांपूर्वी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि कंबरेत चमक भरली. दोन-तीन दिवसांत कंबर मोकळी झाली म्हणून हुश्श केलं, तर चौथ्या दिवशी डाव्या कुल्ल्यातून एक कळ निघाली ती मांडीच्या मागून, नडगीच्या बाहेरच्या अंगाने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. आत कोणीतरी विजेची तार ओवली आहे असं वाटतं. शिंकलो की डोळ्यांपुढे काजवे. बसलं की वाढते, चाललं की जरा सुसह्य, आणि रात्री कूस बदलायची म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागते. पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या आहेत.

एमआरआय झाला. एल ४ आणि एल ५ या मणक्यांमधली गादी डावीकडे बाहेर आली आहे, तिथून निघणाऱ्या एल ५ या नसेच्या मुळावर दाब आहे, शिवाय आणखी दोन गाद्यांची झीज झाली आहे, असं रिपोर्ट म्हणतो. "झीज" वाचल्यापासून मी स्वतःला म्हातारा समजू लागलोय. एक सर्जन म्हणाले, कशाला सहन करताय, काढून टाकू. दुसरे म्हणाले, सहा आठवडे तरी जाऊ द्या, बहुतेकांचं आपोआप बरं होतं. या "आपोआप"वर माझा विश्वास बसत नाही. बाहेर आलेली गादी आपोआप आत कशी जाईल?

ज्यांनी भोगलंय त्यांनी सांगा. थांबलात की कापून घेतलंत?

टवाळ

बुटाची नाडी? अहो, निदान कपाट उचलत होतो असं तरी सांगायचं. चारचौघांत दुखण्याची काही इज्जत राहते.

पायवाट

टवाळ, हसू नका. माझी तर शिंकेने गेली होती. गादीला आतून चिरा आधीच पडलेल्या असतात, शेवटचं निमित्त काहीही होतं. नाडी, शिंक, गाडीतून उतरणं.

खिडकीजवळचे, मी थांबले. एकूण चौदा आठवडे. पहिले चार आठवडे मी माणसांत नव्हते. जेवायचे उभ्याने, रडायचे न्हाणीघरात. सातव्या आठवड्यात एक दिवस लक्षात आलं की आज सकाळपासून पायाची आठवणच आली नाही. त्यानंतर तीन दिवस पुन्हा तेच हाल. असं वरखाली करत उतरलं. त्याला आता सहा वर्षं झाली. सरळ रेषेत बरं व्हायची अपेक्षा ठेवू नका, नाहीतर प्रत्येक वाईट दिवशी सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असं वाटतं.

मधला_मणका

मलापण सेम त्रास. माझ्या मणक्यात गॅप आहे असं सांगितलंय. गॅप भरून निघायला किती दिवस लागतात?

हालचाल

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बावीस वर्षं हेच करते. मधला_मणका, आधी तुमचं. "गॅप" हा शब्द मला दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. दोन मणक्यांमध्ये फट असतेच, तिथेच तर गादी बसलेली असते. झिजली की ती फट कमी होते, वाढत नाही. म्हणजे लोक ज्याला गॅप पडला म्हणतात तिथे खरं तर गॅप कमी झालेला असतो, आणि तो भरून काढायचा नसतो. हा शब्द विसरा.

आता धागाकर्त्यांचा प्रश्न. गादीच्या आत मऊ गर असतो, बाहेर चिवट तंतूंची कडी असते. कडी फाटली की गर बाहेर येतो. तो आत परत जात नाही हे तुमचं बरोबर आहे. पण बाहेर आलेला तुकडा शरीराला परका वाटतो. तिथे सूज येते, पेशी येतात आणि त्याला हळूहळू खाऊन टाकतात. गंमत म्हणजे सुटून बाहेर पडलेला मोठा तुकडा लहान फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरघळतो. रिपोर्टात भयंकर दिसणारी गादी म्हणजे भयंकर भविष्य असं समीकरण नाही. आणि कळ नुसत्या दाबाची नसते, त्या गरातल्या रसायनांनी मूळ चिडलेलं असतं त्याचीही असते. म्हणून तुकडा तिथेच असतानासुद्धा, सूज ओसरली की दुखणं निम्म्यावर येऊ शकतं.

"झीज" शब्दाने म्हातारे होऊ नका. ज्यांना काडीचा त्रास नाही अशा ३,११० लोकांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज, ऐंशीच्या घरात ९६ टक्के. फुगवटा विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. पांढऱ्या केसांसारखं आहे ते. तुमच्या बाबतीत महत्त्वाचं वाक्य एकच: एल ५ वर डावीकडे दाब. कारण तुमची कळ जिथून जाते तोच एल ५ चा रस्ता आहे.

एक काम करा. भिंतीजवळ उभं राहून फक्त टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा. आणि बसून डाव्या पायाचा अंगठा वर खेचा, कोणाला तरी तो खाली दाबायला सांगा. उजव्याशी तुलना करा. काय होतं ते लिहा.

अर्धवटराव

थोडं शब्दांविषयी. सायटिका हा आजार नाही, लक्षण आहे. "ताप" म्हणण्यासारखं. मूळ ग्रीक शब्द खुब्याचा, कारण फार पूर्वी ही खुब्याची व्याधी समजत. नेपल्सचा डोमेनिको कोटुन्यो या वैद्याने १७६४ मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि हे दुखणं नसेचं आहे, सांध्याचं नाही, हे वेगळं काढून दाखवलं. पण नसेला धक्का कोण लावतंय ते कळायला १९३४ उजाडलं. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी तेव्हा फाटलेली गादी हे कारण मांडलं. म्हणजे पावणेदोनशे वर्षं लोक नसेवरच शेकशेगडी करत बसले आणि गुन्हेगार वरच्या मजल्यावर.

अवांतर: सायटिक नस ही शरीरातली सगळ्यात जाड नस, उगमाशी जवळपास अंगठ्याएवढी. इतकी जाड वस्तू इतकी नाजूक असावी!

वातप्रकोप

अर्धवटराव, नेपल्सला जाण्याआधी घरात बघायचं. आपल्याकडे हिला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी गिधाडासारखा एका अंगाने झुकत चालतो म्हणून. चरकसंहितेत वेदनेचा क्रम दिलाय: आधी नितंब, मग कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल. सुश्रुतसंहितेत तर पाय उचलायला अटकाव होतो हे लक्षणच सांगितलंय. आज डॉक्टर उताणं झोपवून सरळ पाय उचलून बघतात ते दुसरं काय आहे?

बस्ती आणि शेक, दोन महिने. माझे वडील त्यावर बरे झाले. कापाकापीची गरज नाही.

रात्रपाळी

वातप्रकोप, पाय उचलण्याच्या निरीक्षणाबद्दल मनापासून दाद. आम्हा डॉक्टरांकडे त्या तपासणीला लासेग या फ्रेंच डॉक्टरचं नाव आहे. साधारण ३० ते ७० अंशांच्या मध्ये पायात कळ उतरली तर अर्थ लावायचा. नुसती मांडीची शीर ताणली गेली तर नाही. आणि चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली तर गादीबद्दलचा संशय जवळजवळ पक्का.

पण "वडील दोन महिन्यांत बरे झाले" यावरून उपाय सिद्ध होत नाही. यातले बहुतेक लोक सहा ते बारा आठवड्यांत काहीही केलं तरी बरेच सुधारतात. जो त्या काळात जवळ असतो त्याला श्रेय मिळतं. कधी वैद्य, कधी मी, कधी एखादा पट्टा.

वातप्रकोप

म्हणजे तुमच्या गोळ्यांनाही श्रेय नाही. चालेल मला.

रात्रपाळी

बरोबर, नाहीच. मुद्दाम सांगतो, कारण धागाकर्त्यांच्या हातात नक्की प्रेगाबालिन, म्हणजे नसेच्या दुखण्यावर देतात ती गोळी असणार. २०१७ मध्ये २०९ रुग्णांवर चाचणी झाली. खोट्या गोळीपेक्षा पायाचं दुखणं काही कमी झालं नाही, चक्कर मात्र जास्त आली. ब्रिटनच्या नाइस या, उपचारांबाबत सूचना देणाऱ्या संस्थेने २०२० पासून सायटिकासाठी ती देऊ नका असं म्हटलं आहे, तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडलाही नाही म्हटलंय. तरी लिहिली जाते, कारण रुग्ण समोर कळवळत असताना रिकाम्या हाताने पाठवणं अवघड असतं. मीही लिहिली आहे. मात्र कोणी आधीच घेत असेल तर हे वाचून एका रात्रीत बंद करू नका, ती हळूहळू कमी करावी लागते. सूज कमी करणाऱ्या साध्या वेदनाशामकांचा थोडाफार उपयोग होतो, तोही पोट आणि मूत्रपिंड सांभाळून, थोडे दिवस.

टवाळ

प्रेगाबालिन घेऊन मी एकदा चालत्या पंख्याशी वाद घातला होता. पंखा जिंकला.

खिडकीजवळचा

सगळ्यांचे आभार. हो, तीच गोळी आहे. (डॉक्टरांना विचारतो.)

हालचाल ताई, तुम्ही सांगितलेलं केलं. चवड्यांवर चाललो, काही अडचण नाही. टाचांवर मात्र डावं पाऊल पुरतं उचलून राहत नाही, चौथ्या पावलाला खाली येतं. अंगठ्याचं म्हणाल तर उजवा बायकोला दाबता आला नाही, डावा तिने करंगळीने दाबला. आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो. आता आठवलं, गेल्या आठवड्यात डाव्या पायातली चप्पल दोनदा निसटली. मला वाटलं चप्पलच सैल झाली.

हालचाल

हे वाचून बरं वाटलं नाही, पण घाबरूही नका. टाचेवर चालणं आणि अंगठा उचलणं ही एल ५ ची कामं. चवड्यावर उभं राहणं त्याच्या खालच्या एस १ या मुळाचं, ते तुमचं शाबूत आहे. दुखणं आणि मुंग्या यांना थांबण्याची मुभा असते. ताकद कमी होत असेल तर ती मुभा आपण आपल्या मनाने घ्यायची नाही. उद्या जा. दोन सर्जनपैकी कोणीही चालेल, पण सांगायचं वाक्य हेच: पावलाची ताकद कमी झाली आहे.

रात्रपाळी

+१. आणि जाताना विचारायचा प्रश्न: ताकद पाचपैकी किती आहे? पाच म्हणजे पूर्ण. चार असेल तर बारकाईने लक्ष ठेवून थांबता येऊ शकतं. तीन किंवा त्याखाली असेल, किंवा दिवसागणिक उतरत असेल, तर चर्चा वेगळी. आकडा लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी "तसंच आहे हो" असं अंदाजाने बोलावं लागणार नाही.

इथल्या सगळ्यांसाठी हे एकदा ठळक लिहितो. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू साधारण एल १ - एल २ पर्यंत येतो, पुढे नुसत्या नसांच्या मुळांचा झुपका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा, आणि त्याचं लॅटिन नावही तेच आहे. मोठा तुकडा मधोमध आला तर तो अख्खा झुपका दाबला जातो. मग बसायच्या जागेला, जांघेत, गुप्तांगाभोवती बधिरपणा येतो. लघवी अडते किंवा झालेली कळत नाही. शौचावरचा ताबा जातो. कधी दोन्ही पायांत कळ येते. यातलं काहीही झालं तर धागे वाचायचे नाहीत, सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री तातडीच्या विभागात जायचं. इथे तास मोजतात. लाजेपोटी चार दिवस गप्प बसलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांची लघवीची नळी आयुष्यभर राहते.

दुखण्याबरोबर ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल किंवा पडण्याचा मार लागला असेल, तरीही "सायटिकाच असेल" म्हणून बसू नका.

कुंपणावरची

धागा उपयुक्त आहे म्हणून माझीही भर. माझ्या सासूबाईंचं वर्षभर सायटिका म्हणून चाललं होतं. पण त्यांचं सगळं उलट: बसल्या की बरं, चालल्या की पाय भरून यायचे, शंभर पावलांवर थांबावं लागायचं. भाजीची ढकलगाडी धरून वाकून चालल्या की मात्र मैलभर जायच्या. एका शहाण्या डॉक्टरांनी एवढ्यावरूनच सांगितलं की मणक्यांमधली नसांची नळी अरुंद झाली आहे, वाकल्यावर तिला जागा मिळते. त्यांना कोणीतरी भुजंगासन करायला लावलं होतं! पाठीमागे वाकलं की त्यांचं वाढणारच होतं.

हालचाल

कुंपणावरची, अगदी नेमकं लिहिलंत. म्हणूनच "सायटिकाचे पाच व्यायाम" असलं काही बघून करू नका. गादीवाल्याला बहुतेक वेळा पुढे वाकणं सोसत नाही, अरुंद नळीवाल्याला मागे वाकणं. आणि "बहुतेक वेळा" म्हणजे "नेहमी" नाही.

यावर एक किस्सा सांगते. न्यूझीलंडचे फिजिओ रॉबिन मॅकेन्झी. १९५६ मध्ये त्यांच्याकडे एक रुग्ण आला, कळ गुडघ्यापर्यंत. त्याला सांगितलं, आत जाऊन पालथा झोप. टेबलाचं एक टोक आधीच्या रुग्णासाठी उंच करून ठेवलेलं होतं. हा तसाच त्यावर पालथा झोपला, पाठ मागे वाकलेली, आणि मॅकेन्झी दुसऱ्या कामात. पाच-दहा मिनिटांनी येऊन बघतात तर ही भलती अवस्था. त्या काळच्या समजुतीप्रमाणे तर घोर अपराध. आणि तो म्हणतो, पायातलं दुखणं गेलं, आता फक्त कंबर दुखते. पुढची सगळी पद्धत त्या अपघातातून उभी राहिली.

त्यातलं घ्यायचं ते हे: दुखणं *किती* आहे यापेक्षा *कुठपर्यंत* आहे ते बघा. पावलातलं पोटरीत आलं, पोटरीतलं मांडीत, मांडीतलं कुल्ल्यात, तर दिशा बरोबर. मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. उलट कंबर हलकी झाली आणि कळ खाली सरकली, तर तो व्यायाम तुमच्यासाठी नाही, सांगणारा कितीही मोठा असला तरी. धागाकर्त्यांच्या पहिल्या पोस्टमध्येच बघा: कंबर मोकळी झाली म्हणून ते खूश झाले, आणि नेमकी तेव्हाच कळ खाली उतरली.

पायवाट

अगदी! मी रोज रात्री कागदावर पायाचं चित्र काढून कळ कुठपर्यंत आली तिथे रेघ मारायचे. आकडे विचारले की मला कधी सांगता यायचं नाही, दहापैकी सात की आठ. रेघ मात्र खोटं बोलत नव्हती.

जुना_खेळाडू

माझ्या मते सगळ्यात उत्तम म्हणजे पूर्ण विश्रांती. तीन आठवडे सपाट पलंग, उठायचं फक्त संडासापुरतं. आमच्या वेळी हेच करायचे आणि लोक बरे व्हायचे.

रात्रपाळी

काका, आदर ठेवून असहमत. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये १८३ रुग्णांवर हेच तपासलं. निम्म्यांना दोन आठवडे पलंगावर ठेवलं, निम्म्यांना जमेल तसं वावरा म्हटलं. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत ८७ टक्के लोक सुधारलेले. पलंगाने काही वाढवून दिलं नाही, फक्त दोन आठवडे घेतले.

जुना_खेळाडू

तुम्ही म्हणता तर असेल. पण पहिल्या दोन दिवसांत तरी झोपू द्याल की नाही?

रात्रपाळी

झोपा की! गुडघ्यांखाली उशी, किंवा कुशीवर झोपून दोन गुडघ्यांमध्ये उशी. जी स्थिती कळ कमी करते ती तुमची. मुद्दा एवढाच की त्याला उपचार समजून मुक्काम ठोकायचा नाही.

ठणठणीत

इथे सगळे थांबणारेच दिसतात, म्हणून लिहितो. मी ऑपरेशन केलं आणि मला पश्चात्ताप नाही. दहा आठवडे थांबलो, सगळं केलं, मणक्यात इंजेक्शन घेतलं. त्याने तीन आठवडे स्वर्ग, मग पुन्हा जैसे थे. नोकरी जायची वेळ आली. दुर्बिणीतून छोटा छेद, फक्त सुटलेला तुकडा काढला. शुद्धीवर आलो तर पायातली कळ *नव्हती*. जखम दुखत होती, पण ते दुखणं म्हणजे पाहुणा, कळ म्हणजे भाडेकरू.

बाहेरून "धीर धरा" म्हणणाऱ्यांना त्या दहा आठवड्यांचा हिशोब द्यावा लागत नाही.

पायवाट

ठणठणीत, हे मला लागलं, पण खरं आहे. मला तेव्हा नोकरीची चिंता नव्हती, घरात करणारी माणसं होती. त्याच कळेत दुसरीकडे कोणी असतं तर कदाचित चौदा आठवडे काढू शकलं नसतं.

रात्रपाळी

तुम्हा दोघांचंही बरोबर आहे, आणि त्याला आकडे आहेत. पुन्हा नेदरलँड्स, २००७. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेले २८३ लोक. एका गटाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला थांबा म्हटलं, गरज पडली तर करू. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलंच. पण एका वर्षाने दोन्ही गटांत ९५ टक्के लोकांनी आपण बरे झालो असं सांगितलं. फरक वेगाचा होता: कापलेल्यांचं दुखणं लवकर गेलं. म्हणजे ताकद शाबूत असेल तर हा प्रश्न डॉक्टरांचा कमी आणि तुमच्या आयुष्याचा जास्त. किती दिवस सोसू शकता, घर आणि काम किती सोसू शकतं.

ऑपरेशनची दुसरी बाजूही सांगतो. शंभरात पाच ते पंधरा जणांची त्याच जागी गादी पुन्हा येते. आणि ऑपरेशन पायाच्या कळेसाठी असतं. फक्त कंबर दुखते म्हणून जाल तर निराश व्हाल.

टवाळ

मला एक साधा प्रश्न आहे. मागच्या खिशातल्या पाकिटाने होते म्हणतात ते खरं का? तसं असेल तर महिनाअखेरीला सगळे आपोआप बरे व्हायला हवेत.

हालचाल

हसले. पण खरं आहे, जाड पाकिटावर तासन्‌तास बसून कुल्ल्यात नस चेपल्याची उदाहरणं आहेत. तिथे पिरिफॉर्मिस नावाचा स्नायू असतो, नस त्याच्या खालून जाते, काहींच्यात त्याच्या आरपार. तो आवळला तरी अशीच कळ येते, पण एवढ्या सर्रास नाही जितकी व्हिडिओंमध्ये सांगतात. पाकीट काढून बघायला काहीच जात नाही.

मधला_मणका

गॅपबद्दल सांगितल्याबद्दल धन्यवाद. माझ्या दोन्ही तळपायांची आग होते, रात्री जास्त. कळ वगैरे नाही. मधुमेह आहे आठ वर्षं. हे सायटिकाच ना?

रात्रपाळी

मधला_मणका, हे मघाशीच सांगायला हवं होतंत! दोन्ही पाय, तळव्यापासून सुरुवात, आग, मधुमेह: हे मणक्याचं कमी आणि साखरेने नसांची टोकं बिघडल्याचं जास्त वाटतं. मणक्याचा एमआरआय काढला तर त्यात काहीतरी सापडेलच (वरचे आकडे बघा), आणि मग त्या "काहीतरी"वर उपचार सुरू होतात. पाय तपासून घ्या, संवेदना बघून घ्या, रोज तळवे न्याहाळा.

वातप्रकोप

माझंही एक प्रामाणिक सांगणं. एका ओळखीच्या माणसाने पाठ कडकड वाजवून देणाऱ्याकडून मणके "बसवून" घेतले. गेला होता लंगडत, आला दोघांच्या खांद्यावर. मी शेक आणि तेल सांगेन, पण पेटलेल्या नसेवर असा जोर नको. यावर तरी रात्रपाळी सहमत होतील.

रात्रपाळी

दोन्ही हात वर करून.

खिडकीजवळचा

मंडळी, उशिराने लिहितोय, क्षमस्व. तीन आठवडे झाले.

दुसऱ्याच दिवशी गेलो होतो, जे थांबा म्हणाले होते त्यांच्याकडे. वाक्य तेच म्हटलं. त्यांनी अंगठा, पाऊल, नितंब, सगळं तपासलं. अंगठा पाचपैकी चार वजा, घोटा चार. म्हणाले, तीनवर असता तर आजच तारीख दिली असती. दर चार दिवसांनी दाखवायला या, एकदा जरी खाली आलं तर करू. त्या पहिल्या चार दिवसांत मी दिवसातून वीस वेळा अंगठा तपासायचो. शेवटी बायकोने सांगितलं की आता ती फक्त सकाळी एकदाच दाबणार.

दोन भेटी तसंच. तिसऱ्या भेटीत अंगठा चार, घोटा चार अधिक. ऑपरेशन तूर्त नाही.

पायवाट, चित्राची कल्पना उचलली. फ्रिजवर कागद आहे. रेघ अंगठ्यावरून घोट्यावर, मग पोटरीच्या मध्यावर आली. मध्ये एकदा दोन तास सलग बसून मीटिंग केली, रेघ पुन्हा पावलावर. आता वीस मिनिटांचा गजर लावतो. पालथं झोपून कोपरांवर उठणं मला मानवतंय, हालचाल ताई. गुडघा छातीशी घेणं अजिबात नाही, केलं की कळ खाली पळते.

पायवाट

फ्रिजवर! वा.

टवाळ

एवढ्या गंभीर पाठपुराव्यानंतर विचारायला संकोच वाटतो, पण बुटांचं काय केलंत?

खिडकीजवळचा

नाडीवाले कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेत. काढायला कोणाला तरी उंच व्हावं लागेल आणि तो मी नसेन.

खिडकीजवळचा

चार महिन्यांनी धागा वर आणतोय, कारण मला निरोपातून दोघांनी विचारलं.

कळ गेली. अकराव्या आठवड्यात मांडीपर्यंत आली, मग कुल्ल्यात घुटमळली, मग कधी गेली ते सांगता येत नाही. टाचांवर खोलीची पूर्ण फेरी मारतो. अंगठा बायकोला दाबता येत नाही, तिने दोन्ही हात लावून बघितले. रोज चाळीस मिनिटं चालतो, पाठीचे व्यायाम आठवड्यातून चार दिवस (प्रामाणिकपणे तीन). एमआरआय पुन्हा काढायचा हट्ट केला होता, डॉक्टर म्हणाले, पाय ठीक असेल तर चित्र बघून काय करणार? नाही काढला. त्यामुळे तो तुकडा विरघळला की तसाच आहे ते मला माहीत नाही.

एकच राहिलंय. पावलावर अंगठ्याच्या मागे एक जागा आहे, साधारण बोराएवढी, ती अजून बधिर आहे. बोट फिरवलं की दुसऱ्याच्या पायावर फिरवतोय असं वाटतं. ती जाईल का?

रात्रपाळी

कळ आधी जाते, मग ताकद येते, बधिरपणा सगळ्यात मागून निघतो. कित्येक महिने लागतात. काहींच्यात थोडीशी जागा कायमची राहते. वाढत नसेल तर काही करू नका, फक्त तिथे चटका बसला किंवा काही टोचलं तर कळणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

खिडकीजवळचा

ठीक. काल मोजा उलटा घातला होता, ते संध्याकाळी फक्त उजव्या पायाला कळलं.